शिशुवर्गाचे वाल

रुचिताच्या नियोजनात चूक निघणं शक्यच नव्हतं. हे दुसऱ्या कोणी नाही, खुद्द रुचितानेच सांगितलं होतं! कोपरीतल्या त्या बालवाडीत ती सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. शुक्रवारी पालकांसमोर तिच्या वर्गाचं प्रदर्शन झालं, की तिला ठेवायचं की नारळ द्यायचा, ते मुख्याध्यापिका सुहासिनीबाई ठरवणार होत्या.

विषय होता 'बी ते रोप'. बी कसलं, तर कडवे वाल. मूग नाकात जातो, वाटाणा कानात जातो, वाल बाहेरच अडतो, एवढा सखोल विचार करून निवडलेले! रुचिता साताऱ्याकडची. माहेरी मटकी, चवळी. कडवे वाल तिने इथल्या वाण्याकडेच पहिल्यांदा पाहिले, आणि लोक त्यांचं काय करतात हे विचारायची तिला काही गरज वाटली नाही.

सोमवारी मुलांनी वाल भिजवले. मंगळवारी पंच्यात बांधून गाठोड्याला थोपटून झोपवलं. गुरुवारी सोडून बघतात तो काय, टपोरे मोड! सान्वी तर नाचायलाच लागली. रुचिताने प्रत्येकाला कागदी कपात मूठभर वाल दिले आणि सांगितलं, "आता पुढे काय करायचं ते घरी आजीला विचारायचं. आजीला सगळं येतं! आणि उद्या घेऊन यायचं हां."

आजी ते कुंडीत लावणार, दुसरं काय करणार?

शुक्रवारी तिने टेबलं मांडली, प्रत्येकाच्या नावाची 'माझी बाग' अशी पाटी ठेवली. पहिली आली सान्वी. हातात स्टीलचा डबा!

"अगं, वाल कुठेत?"

"ह्यात! टीचर, गरम पाण्यात टाकले ना की साल सुर्रकन निघते. मी पण सोलले!"

रुचिताने झाकण उघडलं. आत वालाचं बिरडं, वर कोथिंबीर.

मागून करिश्मा आली, डबा. हर्षित आला, डबा. सोबत दोघांच्या आज्याही! आर्यनची आजी सखुबाई तर टोपच घेऊन आली. मूठभरात काय होतंय, म्हणून तिने बाजारातून सोललेले वाल आणून भर घातली होती.

"आजी, अहो हे मातीत लावायचे होते!"

"मातीन? आगो बाय, येवरं चांगलं मोड आयलेलं वाल मातीन कोन घालतं? येरी का काय तू!"

एक आशा उरली होती. नमुन्याचा एक कप वर्गाच्या खिडकीत होता. रुचिता धावली. कप रिकामा, वर विसळून पालथा घातलेला!

"मंजुळामावशी, इथले वाल?"

"सोलून ठेवले ना!" वर्गातली मदतनीस मंजुळामावशी प्रेमाने म्हणाली. "म्हटलं, टीचर एकटी राहते, तेवढीच मदत."

तेवढ्यात सुहासिनीबाई आल्या. त्यांनी 'माझी बाग: आर्यन' ही पाटी वाचली आणि टोपावरचं झाकण उचललं. मनातल्या मनात रुचिताने साताऱ्याची बॅगसुद्धा भरली. आणि आज्यांचं चाललेलं, बिरड्यात गूळ आधी की आमसूल आधी!

"बाळांनो, हे कसं केलंत?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "भिजवले! बांधले! मोड आले! सोलले! फोडणी दिली!"

"बरं. आणि मोड कशासाठी येतात?"

"बिरड्यासाठी!"

रुचिताने डोळे मिटून घेतले. सुहासिनीबाईंनी चमचाभर बिरडं खाल्लं. मग आणखी एक चमचा.

"मुलांनी क्रम अगदी अचूक सांगितला. शिशुवर्गाकडून एवढीच तर अपेक्षा असते," त्या म्हणाल्या. "रुचिता, तुम्ही राहा."

रुचिताला आनंदाने रडूच फुटलं. नोकरी वाचली होती!

"पुढच्या आठवड्यात काय घेणार आहात?"

रुचिताने डोळे पुसले आणि ताठ उभी राहिली. "अंडं ते कोंबडी, मॅडम! प्रत्येकाला एकेक अंडं घरी देऊन..."

सुहासिनीबाईंनी समोरच्या आज्यांवरून एकवार नजर फिरवली.

"चित्रात दाखवा," त्या म्हणाल्या.