भुताच्या सिनेमाबद्दल शांतिदीप सोसायटीचे मत

मुलांनो, ज्या समाजात भाषण करण्याची सोय उत्तम असते, त्या समाजात कोणी घाबरत नाही. हे नीट समजण्यासाठी डोळे मिटा आणि एका हॉलची कल्पना करा. (दोन्ही मिटले तर पुढचे वाचता येणार नाही. एकच मिटा.)

नाशिकचे इंदिरानगर, साल २००४, डिसेंबरातली संध्याकाळ. शांतिदीप सोसायटीचा हॉल. पुढे टेबलावर दोन टीव्ही, मग सतरंजी, मग खुर्च्या. कोपऱ्यात लाडू-चिवड्याच्या बशा. दाराशी चपलांचा ढीग आणि ढिगाजवळ, उंचावर बसवलेल्या विजेच्या बटणांखाली, मोकळ्या केसांची, पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी. लाडू बुंदीचे होते आणि माणशी एक असे ठरले होते.

कार्यक्रम होता ललितचा. ललित लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करी. त्याने 'सापडलेली कॅसेट' नावाचा भुताचा सिनेमा काढला होता. गोष्ट अशी, की नांदगावच्या एका लग्नात शूटिंगवाला नाहीसा होतो. मागे त्याची कॅसेट तेवढी सापडते आणि आपण ती जशीच्या तशी बघतो. त्या कॅसेटीत न बोलावलेले एक भूत सतत कोणाच्या तरी मागे उभे असते.

सिनेमासाठी वेगळे लग्न लावणे परवडत नव्हते. सोसायटीतल्या रोहितचे लग्न नांदगावलाच होते. ललितने त्याचे शूटिंग करता करता भूतही उरकून घेतले. त्यामुळे मांडव, वाजंत्री, आचारी आणि तीनशे कलाकार फुकटात मिळाले. (कलाकारांना तसे आधी कळवले नाही. कळवले असते तर मुहूर्त टळेपर्यंत सगळे पावडर लावत बसले असते.)

पहिल्या रांगेत ललितचे नाथामामा बसले होते. नामपूरला त्यांची कांद्याची आडत होती आणि काट्यापाशी बसायला त्यांना भाचा हवा होता. पण मामा न्यायी होते. त्यांनी संधी दिली.

"या हॉलमा एक जरी मानूस घाबरना, तर तू मोकळा शे," ते ललितला म्हणाले होते. "नई ते कॅमेरा इकी टाक नि चाल मन्हासंगे नामपूरले."

म्हणजे एक माणूस दचकला की ललित सुटला. नाहीतर कॅमेरा विकून जन्मभर कांदा. एवढ्या मोठ्या सोसायटीत एक भित्रा माणूस मिळायला हरकत नव्हती.

सुरुवातीला दीपप्रज्वलन झाले. भुताच्या सिनेमापूर्वी देवीच्या तसबिरीला हार घातल्याने भुतावर आधीच थोडे दडपण आले. मग पाहुण्यांचा सत्कार झाला आणि नारळ मामांच्या मांडीवर आला.

"काका, दिवे घालवूया का?" ललितने अध्यक्ष मल्हारीरावांना विचारले. "अंधारात मजा येते."

मल्हारीरावांनी विचार करून निर्णय दिला, की अंधारात चपला बदलतात व लाडूंवर लक्ष राहत नाही, सबब ट्यूबलाइट चालूच राहील. बटणांखालच्या मुलीने वर पाहिले. तिचा हात तिथवर पोचत नव्हता, त्यामुळे निर्णयाची अंमलबजावणी सुरळीत झाली.

सिनेमा तासभर चालला. हजर प्रेक्षकांपैकी शंभर टक्के लोकांनी तो लक्ष देऊन पाहिला. त्यातले नव्व्याण्णव टक्के लोक रोहितच्या लग्नाला गेलेले होते, म्हणून ते स्वतःला शोधत होते. उरलेला एक टक्का म्हणजे नाथामामा. कोणी घाबरते का, हे बघायला ते टीव्हीकडे पाठ करून बसले होते.

सिनेमा संपल्यावर आपल्याकडे 'दोन शब्द' बोलायची पद्धत आहे. माइक फिरू लागला.

"पंगतीत मी दोनदा वाढायला आले," वत्सलाबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा माझं डोकं कापलंय. नवी पैठणी होती म्हणून मी आहे हे कळलं तरी."

"नवरदेव मी," रोहित म्हणाला, "आणि माझ्यापेक्षा आचारी जास्त दिसतो. बायकोने विचारलं तर काय सांगू?"

मीनाताईंनी आपला आहेर न दाखवता बायडाबाईंचा दाखवल्याबद्दल खेद व्यक्त केला. बायडाबाईंनी आहेर आणि आहेर यांत फरक असतो, एवढेच सांगितले. माइक काही काळ या दोघींतच राहिला. सटाण्याकडून आलेल्या कुसाबाईंनी मात्र मोकळेपणाने दाद दिली. "लगीन चांगलं शे. पन जेवण दखाडंच नई."

"अहो, पण भूत?" ललितने मध्येच विचारले. "वत्सलाकाकू, ते तुमच्या मागेच उभं होतं. दोन्ही वेळा."

"माझ्या मागे चिमणाबाई होती. तिला भूत म्हणायचं असेल तर ती इथेच बसलीये, तिला सांग."

चिमणाबाईंनी लाडू खाली ठेवला. ललितने शब्द मागे घेतला.

मल्हारीरावांनी समारोप केला. सिनेमा कौटुंबिक असून सर्वांना आवडला आहे. त्यात भूत नसल्याबद्दल महिला मंडळाने समाधान व्यक्त केले आहे. कॅमेरा हलतो, तरी पुढच्या खेपेस तो धरायला एखादा व्यायाम करणारा मुलगा घ्यावा.

मामा खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "कोनी घाबरनं का?"

कोणीच घाबरले नव्हते. ललित खाली बसून वायरी गुंडाळू लागला. मामा समाधानाने डोळे मिटून टेकून बसले.

आता मुलांनो, त्या प्रेक्षकांना हसण्यापूर्वी एक सांगा. मी तुम्हाला हॉलची कल्पना करायला सांगितली, तेव्हा दाराशी उभी असलेली मुलगी सांगितली होती. नंतर पुन्हा एकदा सांगितली. तिचे पुढे काय झाले, हे तुमच्यापैकी कोणी विचारले? माणशी किती लाडू, हे मात्र सर्वांच्या लक्षात आहे.

ती तेजस्विनी, ललितची नऊ वर्षांची बहीण. सिनेमातले भूत तीच. पिवळा फ्रॉक तोच, मोकळे केस तेच. लोकांना सोपे जावे म्हणून ती तशीच येऊन संध्याकाळभर उभी होती.

तिने एकदा वायरी गुंडाळणाऱ्या दादाकडे बघितले. मग सत्कारासाठी मांडलेली रिकामी खुर्ची आवाज न करता भिंतीपाशी आणली, तिच्यावर चढली आणि बटण दाबले. अनवाणीच चालत ती नाथामामांच्या अगदी मागे जाऊन उभी राहिली, आणि कोणीतरी दिवा लावायची वाट पाहू लागली.