बस्त्याचा वास

साहेबांनी तिसऱ्यांदा नाकाला रुमाल लावला, तेव्हा मल्हारी शिपायानं ठरवलं, आता काहीतरी केलंच पाहिजे. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणे! याच साहेबाला रविवारी मेंढ्याचं मटण निवडून-निवडून लागतं. पोटाला गोड आणि नाकाला घाण, असली ही शिकलेली माणसं.

मल्हारी तडक शहागंजच्या बाजारात गेला. अत्तरवाल्यानं त्याच्या मनगटाला थेंब लावला.

“नवे कपड़े का थान खोले सरीखी खुशबू है, मामू. हल्की, साफ. रोज लगाओ, किसीकू तकलीफ नै.”

शनिवारी मल्हारीनं ते अत्तर सदऱ्याला, फेट्याला, बनियनलासुद्धा चोपडलं आणि तो पिशोरच्या एसटीत बसला. गावात उतरतो न उतरतो तोच चुलता मुंजाबा आडवा आला. त्यानं नाक वर केलं.

“मल्हाऱ्या, बस्ता फाडला का रं?”

“कसला बस्ता, नाना?”

“लेकीच्या लग्नाचा! अंगाला कोऱ्या कापडाचा वास मारतोय आन् मलाच इचारतो, कसला?”

भावकीला न नेता लग्नाची कापडं घेणं म्हणजे भावकीला मेलेलं धरणं. लग्नात एखाद्याचं जेवण चुकलं तरी चालेल, पण दुकानातल्या गादीवर बसून, चहा पीत-पीत, दुसऱ्याच्या पैशाची पातळं नापसंत करायचा मान चुकता कामा नये.

आणि रुक्मीचं लग्न तर जमलंच नव्हतं. सिल्लोडच्या पुंजारामचं पोरगं तिच्या मनात भरलं होतं, पोरालाही ती आवडली होती. पण पुंजाराम चार महिने मोटारसायकलीवर अडून बसला होता. “गाडी दिसली की तारीख,” एवढंच म्हणायचा. पोरगी इकडं झुरत होती आणि मल्हारीच्या ऐपतीत सायकलसुद्धा बसत नव्हती.

मल्हारीनं बाटली दाखवली.

“कापडाचा वास बाटलीत? यडं समजतो व्हय?”

म्हणून मल्हारीनं मुंजाबाच्या धोतराला दोन थेंब लावून दाखवले. इथंच घोळ झाला. मुंजाबा समाधानानं घरी गेला, तर दारातच धाकट्या भावानं, बन्सीनं, त्याला हुंगलं.

“मल्हाऱ्यानं तुला धोतरजोडी दिली! आन् मी काय वाऱ्यावर?”

“आरं, जुनंच हाय! हे भोक बघ!”

“भोक तू आत्ता पाडलं असशील!”

बन्सीची खात्री पटावी म्हणून मल्हारीनं येऊन त्याच्या टोपीला थेंब लावले. मग टोपी हुंगून त्याची बायको दगडाबाई पिसाळली. “सोत्ताला टोपी घेतली, माझं पातळ कुठंय?” तिच्या पदराला थेंब लागले, तसा शेजारच्या जावांनी गिल्ला केला. दिवेलागणीपर्यंत निम्म्या भावकीच्या अंगाला वास येत होता आणि उरलेली निम्मी काठ्या शोधत होती. सगळ्यांनी मिळून मल्हारीच्या घराची झडती घेतली. कणगीत हात घातले, हंडे उपडे केले. कापड सापडलं नाही, त्यावरून ते लपवलंय हे सिद्ध झालं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं बातमी सिल्लोडला गेली. दुपारी पुंजाराम दारात उभा.

“पाव्हणं, बोलणं आमच्याशी आन् बस्ता दुसऱ्यासाठी? काही जनाची?”

कालपासून खरं बोलून-बोलून मल्हारीचा घसा बसला होता. तरी त्यानं पुन्हा तोंड उघडलं. “खंडोबाची आण घेतो, आमी कसलाच—”

“आवं, आधी पाणी प्या तुमी,” म्हणत बानाबाईनं भरला तांब्या नवऱ्याच्या तोंडालाच लावला. मग पदर सावरून ती पुंजारामाकडं वळली.

“काय सांगू, दादा. ती दुसरी माणसं लई थोर हायेत. पर गाडी मागत नायत.”

रुक्मीनं चुलीपाशी फुंकणी खाली ठेवली. पुंजारामानं एकदा मल्हारीकडं पाहिलं, एकदा दारात दाटलेल्या भावकीकडं, आणि दीर्घ श्वास घेतला. घरभर कोऱ्या कापडाचा वास होता. तो चटकन घोंगडीवर बसला.

“गाडी?” तो म्हणाला. “गाडी आमी तरी कवा मागितली?”