झेंडा सासऱ्यांच्या हाती

पुढच्या रविवारची फायनल हुकली, तर लायडस्खेनडामला लतिकामावशींच्या वास्तुशांतीला जावं लागणार, हे कुशलला पक्कं ठाऊक होतं. गेल्या खेपेला मावशींनी नुसते फरशीचे नमुने दाखवले होते, तर साडेतीन तास लागले होते. आता अख्खं घर तयार होतं. "फायनल खेळलास तर सुटलास," बायकोने, अमृताने, बजावलं होतं. "नाहीतर मुकाट्याने गाडीत बसायचं."

म्हणून बेस्ट नावाच्या डच गावातल्या मैदानावर, फुटबॉलच्या सेमीफायनलमध्ये, कुशल जिवाच्या आकांताने गोल राखत होता. टीम एक-शून्यने पुढे, पाच मिनिटं बाकी. अडचण एकच. इथल्या रीतीप्रमाणे लाइन्समन ज्या त्या टीमने आपला आणायचा. नेहमीचा अथर्व तापाने झोपला, आणि झेंडा आला कुशलच्या सासऱ्यांच्या हाती. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या मनोहररावांनी पुण्यात चौतीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेत कॉप्या पकडल्या होत्या. फुटबॉल कधी पाहिला नव्हता. पण दोन दिवसांत नियमांची प्रिंट काढून ती फाइलला लावली होती.

एवढ्यात समोरच्या टीमचा यतीन बॉल घेऊन एकटाच सुसाट आला. कुशलने झेप घेतली आणि बॉल सोडून बाकी सगळं धरलं. यतीन गोळी लागल्यासारखा कोसळला.

"ऊठ रे, नाटक्या!" म्हणत कुशलने ग्लव्हच्या हाताने त्याच्या गालावर एक ठेवून दिली.

योस्ट नावाचा डच रेफरी लांबून धावत आला. चापट त्याने पाहिली नव्हती. पण होणारा गोल पाडापाडी करून अडवला, म्हणून लाल कार्ड काढलं. कुशलच्या डोळ्यांपुढे फरशा तरळल्या.

"अरे, काकांचा झेंडा बघा!" कॅप्टन सुदर्शन ओरडला.

झेंडा वरच होता. मनोहरराव शांतपणे आत आले. "केव्हाचा वर धरलाय. हात भरून आला माझा." मग इंग्रजीत योस्टला समजावलं, "बॉल दिला तेव्हाच हा ऑफसाइड होता. म्हणजे गोलची संधीच नव्हती. नसलेली संधी अडवणार कशी? कार्ड मागे घ्या."

योस्टने डोकं खाजवलं आणि कार्ड खिशात ठेवलं. कुशल थेट सासऱ्यांच्या पाया पडला. "बाबा! वाचवलंत!"

"थांबा, कुशलराव. पान उलटायचंय."

पान उलटलं गेलं.

"ऑफसाइडने संधी जाते, मारामारी जात नाही. खेळ थांबलेला असो नाहीतर चालू, गालावर मारलं की लाल."

"अहो, माशी बसली होती!"

"एवढ्या थंडीत?"

"बाबा, तुम्ही आपल्या टीमचे आहात!"

"बोर्डाच्या परीक्षेत मान वळवली म्हणून मी अमृताला वर्गाबाहेर काढलं होतं."

यतीनलाच दया आली. "जाऊ द्या ना काका. लागलं नाही फारसं."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही ऑफसाइड आहात."

योस्टने तेच कार्ड पुन्हा काढलं. लाल कार्ड म्हणजे पुढची मॅच बंद. उरलेली पाच मिनिटं सुदर्शन ग्लव्ह घालून उभा राहिला आणि टीम जिंकली. कुशलवाचून कोणाचं काहीही अडलं नाही, हे त्याने बाहेर बसून नीट पाहिलं.

मॅच संपल्यावर योस्ट मनोहररावांशी बराच वेळ बोलला, दोनदा हात मिळवला आणि गेला.

"काय म्हणत होता?" कुशलने तोंड वाकडं करून विचारलं.

"फायनलला तिऱ्हाईत लाइन्समन लागतो म्हणे. दोन्ही टीम माझ्या नावाला तयार आहेत."

"तुमच्या? तुम्ही माझे सासरे आहात!"

"मीही तेच म्हटलं. तर तो म्हणतो, स्वतःच्या जावयाला बाहेर काढणाऱ्यापेक्षा निःपक्षपाती माणूस आणायचा कुठून?" मनोहररावांनी झेंड्याची घडी घातली. "तेव्हा रविवारी मला काही जमत नाही. वास्तुशांतीला भटजी मिळाला नाही, म्हणून पूजा मीच सांगणार होतो. आता तुम्ही सांगा. पोथी आणि सोवळं माझ्या बॅगेत आहे. सोवळं तुम्हाला जरा आखूड होईल, पण चालवून घ्या."