चिंधीच्या मोहिमेची हकीकत

श्री. ज्याने चिंता निर्माण केली आणि ती वाहावयास आई नेमिली, त्यास साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशी थोरल्या शहरीहून ऋजुताबाईसाहेब यांची स्वारी घाटापलीकडील धाकट्या शहरी एक दिवसाकरिता निघाली, त्याची हकीकत ऐसी जे: बाईसाहेबांस कन्यारत्न होऊन दहा महिने जाहले होते, आणि इतक्या काळात बाईसाहेब एकट्या म्हणून उंबरठ्याबाहेर पडल्या नव्हत्या, आणि पडल्या तरी अर्ध्या जिन्यावरून माघारी येऊन, युवराज्ञी श्वास घेतात की नाही, हे नाकाशी बोट धरून पाहात. मग कॉलेजापासूनच्या सख्या हेमांगीबाई व देवयानीबाई यांणी निर्वाणीचा खलिता धाडिला, "रविवारी मिसळ खायला चल. या वेळी नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही." तो वाचून बाईसाहेबांणी कारभार यजमान हृषीकेशराव यांजकडे सोपविला, आणि चाळीस कलमांचा जाबता लिहून फ्रिजवर चिकटविला. पहिले कलम ऐसे, की युवराज्ञी दुपारी साडेबारास चिंधी गालाशी धरूनच निजतात, तिजवाचून डोळा मिटत नाहीत, सबब चिंधी जिवापाड सांभाळावी. चिंधी म्हणजे बाईसाहेबांच्याच जुन्या मलमली ओढणीचा तुकडा. रावांणी जाबता वाचून पुसिले, "अगं, मी तिचा बाबा आहे की नवीन भाडेकरू?" तेव्हा बाईसाहेबांणी एकेचाळिसावे कलम वाढविले, की वाद घालू नये.

मग कूच जाहले. गाडी हेमांगीबाई हाकीत होत्या, आणि घाट चढता चढता बाईसाहेब दचकून बोलिल्या, "थांब, रडतेय का गं ती?" देवयानीबाई म्हणाल्या, "साठ किलोमीटरवरून? तुला कान आहेत की रडार?" धाकटे शहर बहुत रमणीय. बाईसाहेबांणी नदीचा घाट पाहिला, म्हणजे पायऱ्यांस कठडा नाही इतके पाहिले. आणि देवळाची दीपमाळ पाहिली, म्हणजे लहान मूल तिजवर किती उंच चढेल याचा अंदाज केला. मग सवाबारास मिसळीच्या दुकानी मुक्काम पडिला, आणि ताटे आली, आणि रस्सा बाहीवर उडाला, आणि रुमालाकरिता पर्शीत हात घातला तो आतून चिंधी निघाली! जिवापाड सांभाळण्याच्या भरात बाईसाहेबांणी ती पहाटे स्वहस्ते आपल्याच पर्शीत ठेविली होती.

मग जो आकांत वर्तला तो काय वर्णावा! साडेबारा जाहले. रावांस चौदा फोन केले, एकही उचलिला नाही. तेथे युवराज्ञी रडून निळ्या पडल्या असतील, शेजारी दार ठोठावीत असतील, ऐसे बाईसाहेब डोळ्यांपुढे पाहों लागल्या, आणि हुकूम दिधला, "परत फिरा!" हेमांगीबाई बोलिल्या, "अगं, दोन तासांची वाट आहे! पाव तरी संपवू दे." परंतु बाईसाहेब उठोन चालू लागल्या, आणि देवयानीबाई मुठीत फरसाण घेऊन मागे धावल्या, आणि फौज गाडीपाशी पोहोचते तो रावांचा जबाब आला. तसबिरीत युवराज्ञी रावांचे पोटावर पालथ्या, तोंड उघडे, मुठीत रावांचे बनियन. खाली मजकूर: "चिंधी सापडली नाही, बनियन दिलं. पाच मिनिटांत झोपली. फोन सायलेंटवर होता, कलम सतरा." बाईसाहेबांस स्मरले, की झोपेच्या वेळी फोन वाजू देऊ नये, हे सतरावे कलम आपणच लाल शाईने लिहिले होते.

बाईसाहेबांस परम संतोष जाहला, आणि मग संतोषाच्या पोटात बारीकसे काही टोचले. "पाच मिनिटांत?" ऐसे त्या तीनदा बोलिल्या. "मला पाऊण तास लागतो गं." हेमांगीबाईंणी त्यांचा दंड धरून माघारी नेले, आणि दुकानदार म्हणाले, "बसा ताई, रस्सा गरम करून आणतो," आणि बाईसाहेबांणी दहा महिन्यांनी प्रथमच बसून, दोन्ही हातांनी, गरम अन्न खाल्ले, आणि तीन पाव जादा मागविले.

परतीस घाट उतरण्याआधीच बाईसाहेब निजल्या. दिवेलागणीस स्वारी स्वगृही दाखल जाहली, तो युवराज्ञी रांगत दाराशी आल्या, चिंधीकडे ढुंकून न पाहता मातुश्रींचा अंबाडा दोन्ही मुठींनी धरिला, आणि सोडीनात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. एकेचाळीस कलमांपैकी अंमल एकाचाच जाहला, तोही लिहिणारणीवरच उलटला. परतीच्या वाटेवर चिंधी गालाशी धरून बाईसाहेब निजल्याची तसबीर देवयानीबाईंपाशी आहे. सबब चिंधीवाचून डोळा नेमका कोणाचा मिटत नाही, याविषयी राज्यात दोन मते आहेत.