पोचले की एक रिंग

गजभिये काकांच्या घरात शिरलं की आधी एक अनोळखी बाई बोलते. "म्हातारे गृहस्थ, एकटेच. दार उघडंच आहे." बाई घरात नसते. फ्रिजवर स्कॅनर असतो, वायरलेस पकडणारा रेडिओ; त्यातून पोलीस, बंबवाले, अँब्युलन्सवाले दिवसभर बोलतात. गाडी निघाली की काका वरण ढवळता ढवळता म्हणतात, "या जाऊन, बाप्पा!" ती स्टेशनात परतल्याचं ऐकल्याशिवाय जेवत नाहीत.

आम्हालाही तोच कायदा. वेस्ट विंडसरमध्ये आमचं घर त्यांच्या बरोबर समोर, तरी निघताना बजावतात, "पोचले की एक रिंग द्या जी. मी उचलत नाही." रस्ता ओलांडायचा, त्यात पोचायचं ते काय!

त्या हिवाळ्यात कौंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्यानं, वायरलेसची नवी यंत्रणा आणली. कॉम्प्युटर एकच संभाषण या चॅनेलवरून त्या चॅनेलवर उडवू लागला आणि काकांच्या जुन्या स्कॅनरला अर्धीच वाक्यं सापडू लागली. "जिन्याखाली कुणीतरी..." आणि मग नुसती खरखर. गाड्या निघालेल्या ऐकू यायच्या, परतलेल्या नाही. काकांचं जेवणच तुटलं.

"सगळे गेले, सुरेशभाऊ," ते हळूच म्हणाले. "एकही वापस आला नाही."

इंजिनिअर म्हणून नवा स्कॅनर निवडायला मलाच नेलं. आमच्या व्हीसीआरचं घड्याळ मला लावता येत नाही, त्यात वर्षानुवर्षं बाराच वाजलेले असतात, हे त्यांना कुठं ठाऊक! दुकानदार चॅनेल मोजून दाखवत होता.

"चॅनेल राहू द्या," काका मला म्हणाले. "गेलेला माणूस परतलेला ऐकू येते का, ते विचारा."

मी विचारलं. दुकानदारानं हातातला स्कॅनर खाली ठेवला. मग त्यानं संभाषणाच्या मागे चॅनेल बदलत धावणारा एक नवा स्कॅनर काढला.

संध्याकाळी तो फ्रिजवर बसला. बाहेर धुकं इतकं, की आमचं घर दिसेना. एक अँब्युलन्स निघाली. आम्ही दोघं बसून राहिलो. शेवटी आवाज आला: स्टेशनात पोचलो. काकांनी ताट घेतलं.

"मोतीबिंदू होता मला, गाडी चालवता येत नव्हती," ते भात कालवत म्हणाले. "तुमच्या काकूला अँब्युलन्समधून नेलं, तर सवयीनं म्हटलं, पोचली की एक रिंग दे. हसली ती." घास हातातच राहिला. "वाजला जी फोन. पण एका रिंगवर थांबला नाही. वाजतच राहिला."

मी धुक्यातून घरी आलो. बूटही न काढता नंबर फिरवला, एक रिंग होऊ दिली आणि ठेवला.

समोर धुक्यात काकांच्या दिव्याचा पिवळा डाग होता. तो विझला.