जगताप सरांनी यंत्राचा पेपर तपासला

"यंत्र? अगं, हिंदीच्या पेपरात आजवर माझ्या हातून कोणी सुटलं नाही, यंत्र काय सुटणार!" असं बायकोला, शालनताईंना, ऐकवून उत्तरेश्वर जगताप सर बस पकडायला स्वारगेटकडे निघाले.

लोणी काळभोरच्या शाळेतून निवृत्त झालेले ते हिंदीचे मास्तर. तेव्हा पुण्यात पेठेपेठेत कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, आणि औंधच्या एका कंपनीत इंग्रजीचं हिंदी करणारे दोन प्रोग्रॅम तयार होते, 'अ' आणि 'ब'. चांगला कोणता, ते सरांनी ठरवायचं होतं. दर वाक्याला एक ते पाचांतला आकडा द्यायचा, बस्स! प्रोग्रॅम बघायला येणाऱ्या दिल्लीच्या पाहुण्यांना तो पटला तरच तिथल्या शिकाऊ निकिताची नोकरी पक्की होणार होती.

सरांनी भराभर आकडे टाकले. निकिता बघतच राहिली.

"सर, 'अ'ला सगळीकडे पाच?"

"पाचाच्या पुढे आकडा असता तर तोही दिला असता!"

"आणि 'ब'ला एक?"

"एकच! त्यावर चर्चा नको."

"कृपया अपनी कुर्सी ले जाइए," निकितानं पाच मिळालेलं वाक्य पुन्हा वाचलं. तिचं हिंदी सिनेमापुरतं. शुद्ध हिंदी असंच असेल बाई, म्हणून तिनं 'अ' बसवून टाकला!

पाहुणे आले. "प्लीज टेक युअर सीट्स," कंपनीचे अनिरुद्धसाहेब म्हणाले, आणि पडद्यावर तेच हिंदी उमटलं. दिल्लीचे एक वयस्कर गृहस्थ खुर्ची उचलून उभे राहिले.

"कहाँ ले जाएँ?"

साहेब घाईघाईनं इंग्रजीत 'लंच ब्रेक'चं बोलले. पडद्यावर आलं, 'हम दोपहर के भोजन के लिए टूटेंगे!' पाहुण्यांत खसखस पिकली. साहेबांचा चेहरा मोरावळ्यासारखा आक्रसला. निकिता धावत मागच्या रांगेत सरांकडे आली.

"सर, याला तुम्ही पाच दिलेत!"

"मग काय चार देऊ? शेवटचा नंबर आहे तो!"

"शेवटचा? सर, पाच म्हणजे बेस्ट!"

"काहीतरीच! वर्गात पाचवा आलेल्याचा सत्कार करतात का कधी? एक म्हणजे पहिला नंबर!"

निकितानं कपाळाला हात लावला. मग पळत जाऊन तिनं 'ब' चालू केला. आता पडद्यावर सरळ, स्वच्छ हिंदी येऊ लागलं. पाहुणे माना डोलवू लागले. खुर्चीवालेही बसले. साहेबांच्या जिवात जीव आला, निकिताच्या तर डोळ्यांत पाणीच!

पण सरांना राहवेना. चूक आपली, तर माफी आपणच मागायला हवी, तीही हिंदीत! ते ताडकन उठून पुढे गेले. समोर अस्सल दिल्लीकर बघून मात्र शुद्ध हिंदी पळालं.

"आपको बहुत त्रास हुआ, उसके बारे में हम दिलगीर हैं. बसिए ना, बसिए! और नाश्ता भेटा क्या सबको?"

खुर्चीवाले गृहस्थ निकिताच्या कानाशी वाकले.

"बेटी, यह कौन-सा प्रोग्रॅम है?"

निकिता हळूच म्हणाली,

"सर... ये हमारे परीक्षक हैं."