मैलशुद्धी कारखान्याच्या वाढाव्याची व फिनेलाने बुडालेल्या फौजेची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न. प्रसन्न नसल्यास निदान सोशिक असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास, ते समयी अमुक एका राज्यात, ज्याचे नाव लिहिल्यास लिहिणाराच्या घरचा नळ तुटेल म्हणोन लिहीत नाही, मैलशुद्धीच्या कारखान्याचा वाढावा, म्हणजे नव्या हौदांची भर, सिद्धीस जाऊ लागला, त्याची हकीकत ऐसी की, कारखाना मुळात गादीवरील श्रीमंतांच्या आजोबांनी बांधिला. तेव्हा नगरात माणसे थोडी आणि जेवणारी बेताची, सबब दोन हौद पुरत असत. मग नगर वाढले, आणि पेठा वाढल्या, आणि पेठांवर मजले चढले, आणि मजल्यामजल्यावर संडास जाहले, आणि त्या सर्वांचे पाणी एकच वाट धरून कारखान्यावर चालोन येऊ लागले. दोन हौदांनी तोंड किती द्यावे? निम्मे पाणी निवळ होऊन आणि निम्मे जैसे होते तैसे नदीत उतरू लागले, आणि नदी काळी पडोन खाली डोहगावास पोहोचू लागली.

कारखान्याचे दारोगा विसाजीपंत. माणूस शिकलेला, शांत, बोलणे कमी आणि आश्वासने जास्त. त्यांचे कुटुंब सगुणाबाई, यांचे माहेर नेमके डोहगाव. "वाढावा होऊ दे, नदी स्वच्छ करून दाखवतो," ऐसे विसाजीपंत दर दिवाळीस सांगत आणि बाई दर दिवाळीस ऐकून घेत. परंतु या साली भाऊबीजेस बाई माहेरी गेल्या, घाटावर पाट मांडला, निरांजन लाविले आणि भावास ओवाळू लागल्या, तो भावाने टिळा लावून घेतला आणि मग खिशातून रुमाल काढोन नाकास धरिला व म्हणाला, "ताई, ओवाळणी मी घालतोच, पण हा वास म्हणजे दाजींचा आहेर, तो आधी पोहोचला." सारा घाट हसला. बाईंनी ताट खाली ठेविले आणि नवऱ्यास निरोप धाडिला की, ज्या दिवशी या घाटावर बसून नाक न धरता भाकरी खाता येईल, त्या दिवशी मी घरी येईन, तोवर तुम्ही आणि तुमचा कारखाना सुखाने नांदा.

तेव्हापासून विसाजीपंत हाताने स्वयंपाक करीत आणि करपलेले खात. मात्र कामास जोर चढला. नवे चार हौद उठले, हवा फुंकणारे थोर भाते आले, ते सुरू होताच हत्ती घोरावेत तैसा गडगडाट होऊ लागला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फौज उभी राहिली. ही फौज म्हणजे जंतू. डोळ्यांस न दिसणारे, पगार न मागणारे, रजा न घेणारे. मैला हाच त्यांचा शिधा. त्यांस हवा द्यावी आणि शिधा वाढावा, की ते खाऊन फस्त करितात आणि पाणी निवळ सोडितात. विसाजीपंतांनी ही फौज लेकरासारखी जोपासली. हौदावर तपकिरी फेस धरला तो पाहोन त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. नदीचे पाणी काळ्याचे करडे जाहले. डोहगावाहून सासूबाईंचा निरोप आला की, वास आहे, पण आता भांडत नाही, नुसता बसून असतो.

इतक्यात दिवाण रंगोपंत यांनी कळविले की, गुढीपाडव्यास उद्घाटन, त्याआधी श्रीमंतांची स्वारी पाहणीस येते. आता या राज्याचा शिरस्ता ऐसा होता की, स्वारी जेथे जाणार तेथे चुना, रांगोळी आणि फिनेल ही त्रिवर्ग मंडळी आगाऊ जावी. श्रीमंतांनी आपल्या राज्याचा वास कधी घेतलाच नव्हता. त्यांच्या समजुतीप्रमाणे शाळा, इस्पितळ, तुरुंग आणि राजवाडा या सर्वांस मुळातच फिनेलाचा सुवास असतो. विसाजीपंत तातडीने दिवाणांकडे गेले आणि हात जोडोन म्हणाले की, चुना मारा, रांगोळ्या घाला, परंतु फिनेल हौदांपासून दूर ठेवा, माझी फौज मरेल. दिवाणांनी विचारले, फौज किती? विसाजीपंत म्हणाले, अगणित. दिवाणांनी विचारले, दिसते कोठे? म्हणाले, दिसत नाही.

"दिसत नाही, मोजता येत नाही, आणि खाते मात्र रोज," दिवाण म्हणाले. "पंत, ऐशी फौज मजजवळही कचेरीत आहे. तीस फिनेलाने काही होत नाही."

तरी दिवाण माणूस वाईट नव्हे. त्यांनी हुकूम दिला की, फिनेल केवळ रस्त्यावर आणि जेथून वास येतो तेथे शिंपावे. विसाजीपंत समाधान पावोन परतले आणि हुकुमाचे शेवटले कलम त्यांच्या ध्यानी आले नाही. पाहणीच्या दिवशी ते फेटा बांधोन, नारळ घेऊन वेशीवर उभे, आणि मागे फिनेलाची पलटण पिंपे घेऊन कारखान्यात शिरली. त्यांनी रस्त्यावर शिंपिले. मग वास कोठून येतो याचा प्रामाणिकपणे शोध घेतला. तो हौदांतून येत होता. मग पिंपेच्या पिंपे हौदांत उपडी केली, आणि काम चोख व्हावे म्हणोन वर ब्लीचिंग पावडरीच्या गोणी फोडिल्या. हौद दुधासारखे पांढरे जाहले. स्वारी आली, श्रीमंतांनी काठावर उभे राहोन दीर्घ श्वास घेतला आणि मर्जी बहुत खूष होऊन म्हणाले की, एवढा मैला असोन घाण कोठे नाही, हे कसबाचे काम. विसाजीपंतांस शाल पांघरली. शालीखाली विसाजीपंत थरथरत होते ते आनंदानेच, ऐसा सर्वांनी अर्थ केला.

पुढे फौज बुडाली. ऐसा संहार कोणत्याही लढाईत जाहला नसेल, कारण येथे शत्रू आलाच नव्हता. फेस विरला, गाळ काळा पडोन वर तरंगला, आणि जो मैला आजवर फौज खात असे तो अंगावर एकही ओरखडा न उमटता थेट नदीत उतरला. वास उठला तो पूर्वीच्या दुप्पट. डोहगावातील कुत्रीही घाट सोडोन वरच्या आळीस राहावयास गेली. विसाजीपंत उपाय जाणत होते. फौज आपोआप पुन्हा जमावयाची तर पावसाळा उजाडेल. लवकर हवी, तर दुसऱ्या चालत्या कारखान्यातील जिवंत गाळ आणोन आपल्या हौदांत ओतावा. परंतु ऐसा कारखाना एकच, तो शेजारच्या राज्यात, आणि शेजारच्या राज्याशी नदीतल्या एका वाळूच्या बेटावरून तीन पिढ्यांचे वैर, बोलणेचालणे बंद. तिकडे शब्द टाकावा तर दिवाण गर्दन मारतील, न टाकावा तर पाडव्यास घाटावर भाकरी कैंची?

तेव्हा विसाजीपंत तोंड दाखवावयास डोहगावी गेले. सगुणाबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. मेहुण्याने, दाजी, आमची कुत्री तुमच्याकडे पाठवू काय, ऐसे आदराने विचारिले. सासूबाईंनी मात्र पान वाढिले, आणि भात वाढताना ध्यानी आले की दही मांजराने सांडिले, विरजणापुरतेही उरले नाही. तो सासूबाई उठल्या, परसातल्या भिंतीशी गेल्या आणि पलीकडे वाटी धरिली. आता ही भिंत कोणाची, यावरून शेजाऱ्यांशी कज्जा विसाजीपंतांच्या लग्नाआधीपासून चालू. परंतु पलीकडून हात आला, वाटी गेली, आणि बोटभर दही घेऊन परत आली. दोन्हीकडून कोणी अवाक्षर बोलले नाही. विसाजीपंतांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारिले की, आई, यांच्याशी तर तुमचे भांडण ना?

सासूबाई म्हणाल्या, "भांडण भिंतीचे आहे, दह्याचे नव्हे. विरजणाला कोणी नाही म्हणते काय?"

विसाजीपंत ताक न पिताच उठले आणि तडक सरहद्द गाठली. पलीकडच्या कारखान्याचे दारोगा सुभानजीराव, देह आडवा, मिशा उभ्या. विसाजीपंतांनी बेटाचे नाव काढिले नाही, दरबाराचे काढिले नाही. इतकेच म्हणाले की, शेजारधर्माने विरजण मागावयास आलो आहे, माझे नासले. सुभानजीरावांनी नासले कैसे ते विचारिले. विसाजीपंतांनी फिनेल इतकाच शब्द उच्चारिला, तो सुभानजीरावांनी डोळे मिटोन घेतले, कारण त्यांच्याही राज्यात श्रीमंत होते आणि तेही पाहणीस येत. मग बाहेर पाहोन म्हणाले, "दिवे लागले, पंत. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर जात नाही, लक्ष्मी जाते. जेवा, निजा, सकाळी न्या." आणि सकाळी टँकरांची रांग भरून उभी. निघताना इतके मात्र बजाविले की, बेट आमचेच. विसाजीपंत म्हणाले, त्याचे श्रीमंत पाहोन घेतील, गाळ तेवढा माझा.

सरहद्दीच्या नाक्यावर जकातदाराने रांग अडविली आणि माल कोणता, उघडोन दाखवा, म्हणोन हट्ट धरिला. विसाजीपंतांनी बहुत विनविले, मग नाइलाजाने पहिल्या टँकराचे झाकण उचलिले. जकातदाराने आत डोकावोन पाहिले, आणि आजवर कोणा सरदारासही मिळाली नसेल इतक्या तातडीने वाट मोकळी जाहली. गाळ हौदांत पडला, भाते घोरू लागले, विसाजीपंत दिवसभर काठावर बसोन राहात. होता होता एके सकाळी हौदाच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी फेस दिसला. मग तो पसरला. फौज पुन्हा उभी राहिली, परराज्याची, पण खाण्यात स्वपर भेद न करणारी.

आणि पाडवा जवळ आला, आणि दिवाणांची पिंपे पुन्हा वेशीपाशी येऊन उतरली. आता शिरस्ता मोडावा तर दिवाण मोडतील, पाळावा तर फौज मरेल आणि सगुणाबाई जन्मात येणार नाहीत. विसाजीपंतांनी मसलत केली. कारखान्याच्या दाराशी एक जुना कोरडा हौद होता, कारंज्यासाठी खणलेला, कारंजे कधी न आलेला. तो आतून निळा रंगविला, विहिरीच्या पाण्याने भरिला, एक नळी सोडोन बुडबुडे आणिले, भोवती झेंडूची तोरणे बांधिली, आणि त्यामागे उंच कनात उभारोन खरा कारखाना झाकून टाकिला. मग दिवाणांस आणोन म्हणाले, फिनेल ओतावयाचे ते येथे ओता, हवे तितके. दिवाणांनी हौदाभोवती एक फेरी मारिली. ते मूर्ख नव्हते, केवळ दिवाण होते.

"पंत, यात काय शुद्ध होते?"

"श्रीमंतांची मर्जी."

दिवाणांनी किंचित विचार केला, आणि आणखी दोन पिंपांचा हुकूम दिला.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, संवत्सर पालटोन विश्वावसु लागले. गुढी उभारली, सनई वाजली, श्रीमंतांनी निळ्या हौदाशी फीत कापिली, पाण्यावर फुले वाहिली, श्वास घेतला आणि डोळे मिटले. सर्व यथास्थित पार पडावयाचे, इतक्यात श्रीमंतांनी कान टवकारिले आणि कनातीकडे बोट दाखवोन विचारिले की, पलीकडे हे काय गडगडते? दिवाणांचा चेहरा चुन्यासारखा जाहला. कनात उचलावयास हुजऱ्या पुढे सरला. एवढी कनात उचलली असती, तर वासामागोमाग फिनेलाची पलटण आत शिरली असती आणि अवघा खेळ पुन्हा आटोपला असता.

विसाजीपंत मुजरा करून म्हणाले, "फौज जेवते आहे, महाराज."

श्रीमंतांनी हुजऱ्यास हाताने थांबविले. त्यांस लहानपणी आजोबांनी एकच रीत शिकविली होती. म्हणाले, "मग राहू दे. जेवत्या माणसास पानावरून उठवू नये." आणि स्वारी वळली, आणि शिळेवरचा पडदा उघडोन चहापानास गेली.

विसाजीपंत चहास थांबले नाहीत. गळ्यात हार, खांद्यावर दुसरी शाल, ऐसे धावतपळत डोहगावच्या घाटावर पोहोचले, तो उन्हे कलली होती. पाणी गंगाजळ नव्हते, परंतु तळातले गोटे दिसत होते. शेवटल्या पायरीवर सगुणाबाई फडक्यावर भाकरी आणि ठेचा घेऊन बसल्या होत्या. अर्धी भाकरी खाऊन जाहली होती. विसाजीपंत चार पायऱ्या वर उभे राहिले, पुढे जाण्याचा धीर होईना. बाईंनी घास चावोन संपविला, मान वळविली, आणि पदर नाकास लाविला. विसाजीपंतांनी तेथूनच विचारिले.

"अजून वास येतो?"

"घाटाला नाही येत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला येतो. काय फासून आलात अंगाला?"

"फिनेल."

बाईंनी उरलेली अर्धी भाकरी त्यांच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "ही खा आता. आणि घरी गेल्यावर आधी आंघोळ करा, मग मी आत पाऊल टाकीन."

येणेप्रमाणे वाढावा सिद्धीस गेला. ज्या हौदात काही शुद्ध होत नाही त्यावर श्रीमंतांची शिळा आहे आणि दर पाडव्यास तेथे फिनेल पडते. कनात अद्याप कोणी काढिली नाही, म्हणोन फौज जिवंत आहे. बेटाचा तंटा जैसा होता तैसा आहे. जे कानी आले ते लिहिले, नाकी आले ते लिहिता येत नाही, ते वाचणाराने आपापल्या नदीकाठी जाऊन पडताळून पाहावे.